आमच्या बॉयलरचं अग्निप्रदीपन

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या आमच्या मराठी कंपूत चहा झाला की कुणीतरी म्हणतंच, "तो बॉयलरचा किस्सा सांग ना." मी दरवेळी ठरवतो की एकच सांगायचा. पण एक काढला की मागून चार येतात, आणि सगळे एकाच आठवड्यातले.

तर नोव्हेंबर महिना, नुकतंच घेतलेलं जुनं घर, आणि घर गरम ठेवणारा बॉयलर शेवटच्या घटका मोजत होता. बायको मुग्धा पूर्ण दिवसांची. इकडच्या पद्धतीने बाळंतपण घरीच करायचं, हा तिचा हट्ट. मिडवाइफ, म्हणजे इकडची सुईण, म्हणाली, "खोली उबदार हवी, नाहीतर हॉस्पिटल." आणि हेंक, आमचा डच बॉयलरवाला, म्हणाला, "आधी सगळे पाइप आणि खोल्या तापवणारे रेडिएटर आतून धुवून काढा. नाहीतर गाळाने नवा बॉयलरही बंद पडेल."

*

धुण्याचं काम आम्हीच करू, असं मी आणि माझा मित्र अभय बोलून बसलो. दोघंही चिप बनवायच्या मशीनवर काम करणारे, धुळीचा कण म्हणजे आमचा जन्माचा वैरी. अभयने एक्सेल केलं, रेडिएटरना नंबर दिले. पहिला व्हॉल्व्ह उघडला, काळंकुट्ट पाणी आलं, बादली भरली, आणि तेव्हा कळलं की दुसरी बादलीच नाही. मी भोकाला अंगठा लावून उभा. मुग्धाने बासुंदीचं पातेलं पुढे केलं आणि विचारलं, "एक्सेलमध्ये बादलीचा कॉलम नव्हता का?"

*

माझे वडील, अण्णा, नातवंडासाठी साताऱ्याहून आले होते. चौतीस वर्षं साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट. आमच्या भिंतीवरची पांढरी पेटी बघून म्हणाले, "हा बॉयलर? मला वाटलं औषधांचं कपाट."

हेंकने मला विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, "फार आटोपशीर आहे म्हणतात."

*

पाणी स्वच्छ झालं असं कधी म्हणायचं, याचं अभयला स्पेसिफिकेशन हवं होतं. त्याने जॅमच्या बरण्यांत सँपल घेतली, लेबलं लावली, टॉर्च मारून फोटो काढले. अण्णांनी एका बरणीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि म्हणाले, "अजून दोनदा." मग हेंक आला. त्याने मीटर बुडवला, आकडा बघितला आणि डचमध्ये म्हणाला, "अजून दोनदा." अभयने मुकाट्याने लॅपटॉप मिटला.

*

साडेबाराला हेंक जिन्यात बसून चीज-ब्रेडचा स्वतःचा डबा खायला लागला. अण्णांना तो घराचा अपमान वाटला. "आपल्या घरी आलेला माणूस डबा खातो?" ते भाकरी-ठेचा घेऊन शेजारी बसले आणि त्याचा अर्धा ब्रेड उचलून स्वतः खाल्ला. हेंकने ठेच्याचा चांगला मोठा घास घेतला. पाण्याची अख्खी बाटली संपवली. मग मला म्हणाला, "हे पाइपात टाकलं असतं तर एकदाच धुवावं लागलं असतं."

*

नवा बॉयलर भिंतीवर चढला आणि त्याच सकाळी मुग्धाला कळा सुरू झाल्या. वर मिडवाइफ कोट घालूनच बसलेली. तासाभरात खोली तापली नाही तर हॉस्पिटल, असं तिने बजावलं. हेंक बटण दाबणार, तेवढ्यात अण्णा आडवे आले. कारखान्यात हंगामाआधी बॉयलरची पूजा होते, अग्निप्रदीपन, आणि तेही जोडप्याच्या हातून. त्याशिवाय अण्णांनी जन्मात बॉयलर पेटू दिला नव्हता.

"मग तुम्हीच करा ना," मी म्हटलं.

"जोडपं लागतं. तुझी आई असती तर केलं असतं."

वरून मुग्धा ओरडली, "कुणाचंही जोडपं आणा, पण लवकर आणा!"

मी हेंकला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे फोन काढला. दोन गल्ल्या पलीकडच्या बेकरीतून त्याची बायको सायकलवर आली, हाताला पीठ तसंच. अण्णांनी दोघांना योगा मॅटवर बसवलं, कुंकू लावलं, नारळ फोडला. तिने हेंकच्या हाताला हात लावला आणि त्याने बटण दाबलं. वरचा रेडिएटर तापला, मिडवाइफने कोट काढला. दुपारी मुलगी झाली, घरीच.

परवा अभयच्या ऑफिसातल्या एका डच बाईंकडे हेंकने नवा बॉयलर बसवला. त्या अभयला सांगत होत्या, माणूस कामाला उत्तम आहे. फक्त सुरू करायच्या वेळी त्याने फोन करून बायकोला बोलावून घेतलं, आणि तिने हाताला हात लावेपर्यंत बटण काही दाबलं नाही.