नाखविणीने दिलेला नारळ

हलवा माशाचं मुंडकं माझी बायको एका घावात उडवायची. तोंडही तसंच. होडी माझी, म्हणून मी नाखवा आणि ती नाखवीण. अंधेरीच्या मासळी बाजारात मात्र हुकूम तिचा.

एकदा एक गिऱ्हाईक पापलेट दाबत म्हणालं, "मावशी, आपला देश आता जगात एक नंबर होणार." ही म्हणाली, "होऊ दे की. तू आधी पापलेट सोड, पोट फुटेल त्याचं."

अशी बाई फसली. नारळी पुनवेला सगळ्यांच्या वतीने दर्याला नारळ देतात, तो मान आमच्या घराकडे. एका वर्षी तिने तो नारळ दर्याला द्यायला बाजारातल्या पतपेढीच्या अध्यक्षाच्या हातात दिला. दर्याला नारळ देणारा खोटं बोलत नाही, असं आम्ही मानतो. बाजारातल्या बायांनी कागद वाचले नाहीत, नारळ बघितला. दागिने मोडून पैसे त्याच्याकडे टाकले.

त्याने ते शेअरमध्ये आणि बिल्डरांत उडवले. पतपेढी बुडाली. म्हणाला, "जगाचा बाजार पडला, मी काय करू?" कागदावर सगळं कायदेशीर. हिच्या शेजारी मासळी विकणाऱ्या पारूच्या पोरीचं लग्न मोडलं. भर बाजारात पारू हिच्या तोंडावर थुंकली. "नारळ तू दिलास गं!" नाखविणीने तोंड पुसलं नाही.

पंधरा ऑगस्टला अध्यक्ष मंचावरून सांगत होता, "असा देश पृथ्वीवर दुसरा नाही." ही वर चढली, त्याची कॉलर धरली आणि माईक त्याच्या दातांवर हाणला. "पारूचे पैसे बोल!" त्याच्या माणसांनी तिला खाली ओढून लाथांनी तुडवलं. मला दोघांनी धरलं होतं. तिचा हात मोडल्याचा आवाज मी ऐकला.

चौकीत साहेब म्हणाला, "आजी, झेंड्यासमोर मारामारी? देशाचा अपमान केलात."

रक्त थुंकून ही म्हणाली, "चोराला मारलं मी. देश काय त्याच्या खिशात होता?"

त्या हाताने पुन्हा कोयता धरला नाही. दोन वर्षं ओट्यावर बसून असायची. "नाखवा, हाताचं सोड रे. मी माझ्या बायांना विकलं." मी म्हणायचो, गप बस. दुसरं काय बोलता येतं मला?

गेल्या माघात ती गेली. अध्यक्ष आता आमदार आहे. त्याने नावाची पट्टी लावून हार पाठवला. दारात पारू उभी होती. तिने हार पायाखाली चिरडला आणि आणणाऱ्या दोघांना चपलेने बडवत गल्लीबाहेर काढलं. बाजारातल्या सगळ्या बाया तिच्यामागे धावल्या. परत आल्या, हात धुतले आणि तिरडीला खांदा दिला.

मला जागाच उरली नाही. मी मागून चालत गेलो.