तात्यांच्या बंगल्यातलं 'आपोआप' नेटवर्क

धामणकर नाक्यावर वायफायचं दुकान टाकलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, रोज एखादा घरी घेऊनच जातो माणूस! त्यात पूर्णा गावातल्या तात्यांचा बंगला म्हणजे आमची खाणच.

त्यांच्या जमिनीवर गोदामं झाली, भाडं येऊ लागलं, तसे तात्यांनी बंगल्यावर तीन मजले चढवले. त्यांना मी नवा राउटर बसवला. तो घरातलं नेटवर्क आपणहून विभागून देतो. घरच्यांचा विभाग वेगळा, ऑफिसचा वेगळा, पाहुण्यांचा वेगळा. ज्याचा पासवर्ड टाकाल त्या विभागात मोबाइल जातो, आणि एकातल्याला दुसऱ्यातलं काही दिसत नाही.

माझा पार्टनर अस्लमभाई ऐटीत म्हणाला, "तात्या, कुछ करनेका नहीं. सब खुद करता है!"

तात्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग तुम्ही दोघं कशाला आलात?"

*

दुसऱ्याच दिवशी तात्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा फोन, प्रिंट निघत नाही. त्यांचा मोबाइल घरच्या विभागात, प्रिंटर ऑफिसच्या. जाऊन बघतो तर काकू मोबाइल प्रिंटरला टेकवून उभ्या! "इतका जवळ आणलाय, तरी दिसत न्हाय? चष्मा लावू का त्याला?"

*

मग तात्यांनी मला न विचारता वरच्या मजल्यावर जुना राउटरही जोडला. दोन्ही यंत्रांना वाटे आपणच मुख्य. अख्ख्या बंगल्याचं नेट बंद! माझं डोकंच सटकलं. "तात्या, एका घरात दोन कारभारी चालत नाहीत!"

आतून काकू म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून तेच सांगतेय."

*

पण खरा किस्सा महेशरावांचा. तात्यांचे जावई. बारा वर्षं त्याच घरात, गोदामांचं सगळं तेच बघतात. तरी गावात 'घरजावई' म्हणून टोमणे चालूच.

एकदा भर दुपारी ते गेटबाहेर अडकले. गेटही आता घरच्या विभागात, मोबाइलवरून उघडतं; यांच्या उघडेना. मी जाऊन बघितलं, तर त्यांचा मोबाइल पाहुण्यांच्या विभागात!

"बारा वर्षं झाली हो," महेशराव म्हणाले. "मशीनलासुद्धा मी पाहुणाच वाटतो." मला फार वाईट वाटलं.

"मशीनची चूक नाही," मी म्हणालो. "पाहुण्यांचा पासवर्ड यांना दिला कुणी?"

ओटीवर बसलेले तात्या खाली बघत म्हणाले, "मीच. तोंडात तोच आला."

मग तात्यांनी स्वतःचा मोबाइल माझ्यापुढे धरला. "यांना घरच्यांत घे. आन् मला टाक पाहुण्यांत."

"अहो तात्या, मग तुम्हाला गेट कोण उघडणार?"

तात्यांनी महेशरावांकडे बोट केलं. "मालक हायेत की घरात."