पडद्यावरचा लिंब

हे मी आजवर कुणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही, पोरांजवळ नाही. तुमच्याजवळ बोलतोय — का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

नांदेडला एक नाटक कंपनी होती, तिचे पडदे मी रंगवायचो. आता पडदे छापून येतात. तेव्हा मांजरपाट शिवून जमिनीवर अंथरायचा, सरस उकळायचा, त्यात गेरू, पिवडी, नीळ कालवायची आणि अनवाणी त्या कापडावर फिरत रंगवत राहायचं. सरसाचा वास अंगातून जात नसे. मी घरात पाऊल टाकलं की बायको नाकाला पदर लावायची. तरी सांगतो, तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

कंपनी शिवराजअप्पांची. कापडाचं दुकान सांभाळून नाटकाचं वेड. मुख्य नट दिगंबरराव, अप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. औसा, उदगीर, देगलूर — टेम्पोत पडद्यांच्या गुंडाळ्यांवर बसून आम्ही जायचो, आणि ते दोघं पुढं बसून वाटभर एकमेकांची चेष्टा करायचे. साठीतली माणसं, पण पोरांसारखी हसायची.

आमचं एक नाटक लई चाललं. त्यात तिसऱ्या अंकात म्हातारा बाप, वारलेल्या बायकोनं अंगणात लावलेल्या कडुलिंबाच्या झाडाशी बोलतो. पानभर भाषण. तो लिंब मी पडद्यावर काढला होता — पानगळीतला, नुसत्या काड्यांचा. बाप दिगंबरराव करायचे.

एक दिवस ते गोदामात एकटेच आले. दार लोटून घेतलं. म्हणाले, वाक्यं विसरून राहिलो, आणि विंगेतून सांगितलेलं ऐकूही येत न्हाई. अप्पाला कळलं तर तो मला काम देईल, पण कीव करून देईल. ते नको. मग खिशातून कागद काढला. त्यांची पहिली शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. भाषणातल्या प्रत्येक वाक्याचे पहिले शब्द त्यांनी उर्दू अक्षरांत लिहून आणले होते. म्हणाले, ह्याच्या फांद्या कर.

मला ती लिपी येत नव्हती. मी नुसतं बघून उतरवलं. लांब वळणांच्या फांद्या झाल्या, अक्षरांच्या नुक्त्यांच्या, म्हणजे टिंबांच्या, निंबोळ्या झाल्या. इतकं सुंदर काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं. दोन वर्षं ते त्या झाडाकडं बघून बोलले आणि लोक रडले. हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. विंगेत उभं राहून मला वाटायचं — यातलं निम्मं रडणं माझं आहे. वाटायला नको होतं का?

मग नांदेडलाच त्यांचा सत्कार झाला. माझी बायको पहिल्यांदाच आली होती, नवं लुगडं नेसून. कुणीतरी विचारलं, तो लिंब कुणी काढला हो? दिगंबरराव हसून म्हणाले, "हाय आमच्याकडं एक पाट्या रंगवणारा. मी सांगतो तसं ओढतो." लोक हसले. बायको खाली बघत राहिली.

आता कळतं, ते गुपित झाकायला गडबडीत बोलून गेले असतील. पण तेव्हाही मला हे कळत नव्हतं का? कळत होतं.

आठ दिवसांनी लातूरला प्रयोग होता. दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा मी हिरवा रंग कालवला आणि त्या झाडाला पाला काढला. गच्च. एक फांदी उघडी ठेवली नाही.

तिसऱ्या अंकात दिगंबरराव झाडाकडं वळले आणि थांबले. लोकांना आधी वाटलं, अभिनय आहे. मग मागून कुणी खोकलं, कुणी शिट्टी मारली. विंगेतला माणूस ओरडून वाक्य सांगत होता, ते यांना सोडून सगळ्या थिएटरला ऐकू गेलं. शेवटी अप्पांनीच पडदा पाडायला लावला.

मी मेकअपच्या खोलीत गेलो. ते आरशासमोर बसले होते, मिशी अजून तशीच. मला म्हणाले, "झाडाला पाला कधी आला रे?"

तेव्हा तरी खरं बोलायचं. — पण मी म्हणालो, अप्पांनी सांगितलं, पाला काढ म्हणून.

"त्याला फांद्यांचं म्हाईत होतं?"

मी मान हलवली. होय म्हणून.

इथंवर यायलाच मला इतकी वर्षं लागली. पाला काढला तो राग होता. राग माणसाला येतो. पण ती मान मी थंड डोक्यानं हलवली.

दिगंबररावांनी सामान बांधलं आणि अप्पांशी एक शब्द न बोलता धर्माबादला लेकीकडं गेले. अप्पांनी पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. माझं काय चुकलं, असं ते मलाच विचारायचे. मी म्हणायचो, वय झालं त्यांचं. नाटक बंद पडलं. शेवटी अप्पांनी मलाच धर्माबादला पाठवलं, त्यांना घेऊन ये म्हणून.

दिगंबररावांनी मला जवळ बसवून जेवू घातलं. लेकीला सांगितलं, ह्याला अजून एक भाकर वाढ. म्हणाले, अप्पाची शाळा माझीच, त्यानं फांद्या वाचल्या असतील; पण तू तरी कुणाजवळ बोलला न्हाईस, हे मी विसरणार न्हाई. मी ती भाकर खाल्ली. निघताना ते दारापर्यंत आले, चौकटीला धरून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "शिवराज बरा हाय ना? त्याला म्हणावं, एकदा येऊन जा."

नांदेडला आलो तर अप्पा दुकानाच्या पायरीवरच बसलेले. काय म्हणाला, विचारलं. मी म्हणालो, येत न्हाई म्हणाले.

"माझं नाव काढलं का?"

दोघं भेटले असते, तर पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं असतं. मी म्हणालो, न्हाई.

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि गिऱ्हाईक बघायला आत गेले. दोन वर्षांनी ते वारले. दिगंबररावांना ती बातमी सांगायला मीच गेलो होतो.