चारी बांधांवरून पाहिलेला समुद्र

रविवारी सकाळी सव्वादहाला अक्काला मुंबईच्या कार्यालयातून मेल आला. तिने सुचवलेली समुद्रातली गॅसची विहीर खोदकामाच्या यादीतून वगळायची आहे, हरकत असल्यास पाचपर्यंत कळवावी. ती सुट्टीवर रेणापूरला आली होती. मीही आदल्या संध्याकाळी नांदेडहून आलो होतो.

माझी ही थोरली बहीण तेल कंपनीत समुद्रतळाखालची चित्रं वाचते. जहाज पाण्यात आवाजाचे ठोके सोडतं. खालच्या थरांवरून प्रतिध्वनी येतात आणि त्यांतून खडकांचं उभं चित्र तयार होतं. एका चित्रात तिला ठळक पट्टा दिसला होता. तिच्या मते तिथे गॅस होता. साहेबांच्या मते तो तळाचाच दुसऱ्यांदा आलेला प्रतिध्वनी होता, कारण तो तळाच्या पहिल्या प्रतिध्वनीच्या बरोबर दुप्पट वेळेवर होता. ही तिची पहिलीच विहीर.

तिने लॅपटॉप उघडून वेळा पुन्हा मोजल्या. दुप्पटच भरल्या.

आण्णा, म्हणजे आमचे वडील, पाठीमागे उभे होते. त्यांचं आयुष्य नारळाने पाणी शोधून लोकांना बोअरच्या जागा दाखवण्यात गेलं.

"हे कोन्त्या बांधावरून पाहिलंस?"

"समुद्राला बांध नसतोय, आण्णा."

"चित्राला तर हाय का न्हाई? तळहातावर नारळ घिऊन चारी बांधांवरून चालल्याबिगर म्या जागा सांगत न्हाई. एका बांधावरून सांगितली ती एकच."

"माझ्या भावाची," आई आतून म्हणाली. "कोरडी गेली. अजून टोमणे ऐकून राहिले मी."

अक्का हसली आणि मध्येच थांबली. तिने एकाच दिशेचं चित्र तपासलं होतं, आणि त्या दिशेला समुद्रतळ सपाट होता. तिने आडवं छेदणारं चित्र मागवलं. तिकडे तळ उतरता होता. पट्टा प्रतिध्वनीचा असेल, तर तोही उतरणार, दुप्पट उताराने.

चित्र वरून खाली, ओळीओळीने उमटत होतं. तळ दिसला, उतरता. आम्ही तिघेही वाकलो. आई पोळी तव्यावर टाकून आली.

पट्टा सपाट होता.

"सपाट हाय! आण्णा, सपाट हाय!" अक्का खुर्चीवरून उठली.

खडकात खाली पाणी, वर गॅस असेल तर दोघांमधली हद्द आडवीच असते, असं तिने मला सांगितलं. तिने आणखी दोन चित्रं उघडली. दोन्हींत पट्टा सपाटच.

"इहिरीत पाणी कधी तिरपं बसलंय का?" आण्णा म्हणाले. "लई शिकलीस, पर बांध इसरलीस."

पोळी करपली होती.

चार वाजून वीस मिनिटांनी वीज गेली. मी मोबाइलचं इंटरनेट जोडून दिलं. चार एक्केचाळीसला तिच्या हरकतीचा मेल गेला, चारही चित्रांसह.

सोमवारी दुपारी उत्तर आलं. विहीर यादीत कायम आहे. खोदकाम अजून सुरू झालेलं नाही.