बोलणे शून्य

शाळेतल्या धावण्याच्या शर्यतींचं घड्याळ माझ्याकडे कसं आलं, तिथून सुरुवात करतो. या सगळ्यातलं तेवढंच सांगताना मला अजून हसू येतं.

कॉमर्सची पदवी घेऊन मी साताऱ्याला परतलो तेव्हा लढाई चालू होती, रॉकेलला रांगा होत्या आणि नोकऱ्या नव्हत्या. पदवीपेक्षाही घातक अशी एक वस्तू मात्र माझ्याजवळ होती. जुन्या बाजारात मिळालेलं, पुठ्ठा गेलेलं एक विलायती पुस्तक. कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजावी, नको त्या हालचाली काढून टाकाव्यात आणि कारखाना सुधारावा, असा त्याचा एकंदर उपदेश होता. मी तो आधी आईवर करून बघितला. "चुलीपासून पाण्यापर्यंत तुझ्या तीन खेपा फुकट जातात," मी तिला सांगितलं. तिनं हंडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "कर मग एका खेपेत." तिथंच शहाणं व्हायला हवं होतं.

घड्याळ मी आमच्या शाळेच्या ड्रिलमास्तरांकडून मागून घेतलं. कळ दाबली की चालू, दाबली की बंद. "शर्यतींच्या आत परत आण," एवढंच ते म्हणाले.

वडिलांच्या ओळखीचे एक हळदीचे व्यापारी सांगलीत होते. त्यांना वडिलांना नाही म्हणता आलं नसावं; त्यांनी मला तीन महिन्यांसाठी ठेवून घेतलं. काम काय, तर माणसं काम कशी करतात त्याचा अभ्यास करून शेठना कागद द्यायचा. मी एक जाड वही घेतली, रकाने आखले आणि नदीकाठच्या पेवांवर जाऊन बसलो.

पेव म्हणजे जमिनीतलं हळदीचं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोट सुटलेलं, दोन पुरुष खोल. हळद भरून वर माती लिंपली की महिनोन् महिने कीड लागत नाही. मात्र इतके दिवस कोंडलेली आतली हवा माणसाला सोसत नाही. म्हणून तोंड उघडलं की मुकादम बराच वेळ कुणाला जवळ फिरकू द्यायचा नाही.

"तोंड दाबून ठिवलंय त्याचं इतकं दीस," तो म्हातारा मुकादम म्हणायचा. "जरा दम टाकू द्या की त्याला, सायेब."

मग तो कंदील सोडायचा, कंदील जळत राहिला की गडी उतरायचा. इथवर मला काही खटकलं नाही. पुस्तक वाचलेला असलो तरी विज्ञानाचा शत्रू नव्हतो. मला खटकायच्या त्या शिव्या.

पेवात उतरणारा गडी कवठे महांकाळकडचा होता, धनगराचा. उंच, हसरा, आणि तोंडानं अत्यंत वाईट. तो खाली उतरला की जमिनीतून शिव्या यायला लागायच्या. पाटी भरता भरता तो मुकादमाला, दोर ओढणाऱ्याला, खुद्द शेठनाही सोडायचा नाही, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे वरच्यांनी त्याचा राग मानायचा नसे. उलट प्रत्येक शिवीला तोडीस तोड ओ द्यायची असे.

"ए मुकादमा, दाढी उंदरानं कुरतडली व्हय रं तुजी?"

"तुज्या सासरचा उंदीर त्यो! भर पाटी गुमान!"

"आन ती घड्याळवाली कोंबडी उठली का अजून खुडूक बसलीया?"

कोंबडी म्हणजे मी. वर सगळे हसत, मीही हसत असे, आणि वहीत लिहीत असे: निष्कारण बोलणे, इतका वेळ. मुकादमाला मी एकदा विचारलंही, की हे थांबवता येणार नाही का.

"खालच्याचं त्वांड चालू पायजे, सायेब," तो म्हणाला.

मी वहीत लिहिलं: मुकादमाला बडबडीची आवड.

एक दिवस मुकादम लेकीकडे विट्याला गेला. मला संधी वाटली. मला त्या गड्याच्या हातांचा शुद्ध आकडा हवा होता, बोलण्याची भेसळ नसलेला. पेव सकाळपासून उघडं होतं, कंदील खाली जाऊन जळतच वर आला होता. गडी उतरायला वाकला तेव्हा मी म्हणालो, "आज तोंड बंद ठेवायचं. फक्त हात चालवायचे."

"आन मग वरच्यास्नी कसं कळायचं?"

"काय कळायचं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसला. "काय न्हाई, सायेब."

ज्याला घड्याळ कळतं त्याला एवढं कळत असेलच, असं त्याला वाटलं असणार. हे वाक्य मी इतक्या वर्षांत हजारदा मनात लिहिलंय.

मी कळ दाबली. पहिल्या सहा पाट्या अशा वर आल्या की दोर ओढणाऱ्याची धांदल उडाली. असा वेग पेवांवर कुणी बघितला नव्हता. मला पुस्तकातल्या चित्रातला माणूस झाल्यासारखं वाटलं. मग दोर हलेना. मला वाटलं, शेवटची पाटी मोठी भरत असेल. हात रिकामा होता म्हणून मी वही उघडली आणि त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं: काम उत्तम. बोलणे शून्य.

"सायेब, हाळी देऊ का?" दोर धरणारा म्हणाला.

"थांब जरा. मोजणी चाललीय."

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. मी घड्याळावरची नजर न काढता नुसता हात वर केला.

तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. तो पेवाच्या तोंडाशी पालथा पडला आणि त्याला येत होती नव्हती ती सगळ्यात घाण शिवी त्यानं आत फेकली. आईबहिणीपासून मेंढरांपर्यंत काही ठेवलं नाही. आणि आम्ही सगळे वाकून ऐकत राहिलो. वर आला तो फक्त हळदीचा उग्र वास.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. तोंडाला ओला पंचा, कमरेला दोर. एक उतरला आणि खोकत वर आला, मग दुसरा. खालून दोर हलला आणि सगळ्यांनी ओढलं. मी बाजूला उभा होतो. गडी वर आला तो डोक्यापासून पायापर्यंत पिवळा, पापण्यासुद्धा पिवळ्या, हळद लागलेल्या नवरदेवासारखा. त्याला मातीवर पालथा घातला. कोपऱ्यातली हळद उकरताना तिथली कोंडलेली हवा सुटली असणार, असं नंतर कुणीसं म्हणालं. बऱ्याच वेळानं तो खोकला, तेव्हा पोती शिवणाऱ्यांतली एक म्हातारी बाई मोठ्यानं रडायला लागली. हातातलं घड्याळ चालूच होतं. मी कळ दाबली नाही. दाबली असती तर आकडा कळला असता.

मुकादम दुसऱ्या दिवशी आला. तेव्हापासून मी आलो की तो उठून उभा राहायला लागला.

शेठनी वही चाळली. "सहा पाट्यांचा वेग चांगला आहे हो," ते म्हणाले. "रोज जमेल का?"

गडी पुन्हा पेवात उतरला नाही. वर पोती शिवायला बसायचा. कुणी चिडवलं तर मान हलवायचा, मोठ्या माणसासारखा. त्याची ती वाईट जीभ खालीच राहिली होती. दिवाळीनंतर तो गावी गेला. मीही कागद न देता साताऱ्याला आलो. ड्रिलमास्तरांना सांगितलं, घड्याळ हरवलं. ते माझ्या पेटीत आहे. चावी संपून ते कधीतरी थांबलं.

तेव्हापासून मला घरात माणसांची शांतता सोसत नाही. पुढे लग्न झालं. न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबला की मी दारावर थाप मारतो. बायको आतून जे म्हणते ते छापण्यासारखं नाही. पण ते ऐकलं की मला जेवण जातं.

लग्नाच्या आधी, पेवांवरून परतल्यावर वर्षभरानं, मी कवठे महांकाळला गेलो. वही बरोबर घेतली होती. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. गडी माळावर मेंढरं घेऊन बसला होता. मला बघून उठला, घोंगडं झटकून पसरलं.

"बसा, सायेब. बरं हाय न्हवं?"

तो खाली टेकला. मी उभ्यानंच म्हणालो, "मला शिव्या दे."

"आवं, तुमाला कशाला शिव्या देऊ? तुमी शिकल्याली मान्सं." आणि मग मेंढरांकडे बघत, "त्या दिवशी वहीत काय लिवलं हुतं माझं?"

त्याला वाचता येत नव्हतं. काहीही सांगता आलं असतं. मी पान काढलं आणि वाचलं. "काम उत्तम. बोलणे शून्य."

"कवा लिवलं?"

"तू खाली होतास तेव्हा. दोर थांबल्यावर."

तो बोटानं मातीत रेघा ओढत राहिला. मग त्यानं सावकाश, एकेक शब्द जुळवत, मला एक शिवी दिली. हलक्या आवाजात, चव न घेता. आठवतेय का ते बघावं तशी. आणि तोंड वर करून माझ्याकडे बघत राहिला.

ओ द्यायची होती. रिवाज मला माहीत होता, तीन महिने मी तो मोजला होता. वरच्यानं ओ दिली की खालच्याला कळतं, वर कुणीतरी आहे. मी तोंड उघडलं. ओ आली नाही.

त्यानं थोडा वेळ वाट बघितली. मग काठी उचलली आणि मेंढरं वळवायला गेला.