वरातीचा घोडा टांग्याला

घोडेवाल्यानं मला फसवलं असतं, तर मी आयुष्यभर मान वर करून हिंडलो असतो. पण तो सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीच्या काठी उभा राहून मला स्वच्छ सांगत होता, "भाऊ, हाऊ घोडा वरातना शे. ढोल वाजना का नाचस. टांगाले जुपू नका."

मी मनात हसलो. कोणी स्वतःच्या जनावराला नावं ठेवतं का? हा नक्कीच एखाद्या बड्या शेतकऱ्यासाठी घोडा राखून ठेवतोय, असं मी ताडलं. ताडण्यात मी पहिल्यापासून हुशार. बायकोची माहेरहून आलेली म्हैस विकून मी यात्रेला गेलो होतो. हट्टानं तोच घोडा घेतला आणि खांडबारा स्टेशनवर टांगा सुरू केला.

होळीच्या आधीचा बाजार होता. आगगाडीतून तीन-चार बायका उतरल्या, दुखवट्याला आलेल्या. मयताच्या घरचा म्हातारा त्यांना न्यायला आला होता; सगळे माझ्याच टांग्यात बसले. बाजारात शिरताच बायकांनी रीतीप्रमाणे गळा काढला, आणि नेमका त्याच वेळी डोंगरातून आलेला एक गडी नवा ढोल वाजवून पारखत होता. घोड्यानं कान टवकारले. मान बाकदार केली, एक पाय उचलला, मग दुसरा. टांगा वर-खाली, बायका वर-खाली; रडणं मधेच तुटायचं, पुन्हा लागायचं. एकीला हसू फुटलं, तिनं तोंडात पदर कोंबला. ढोलवाला खूश होऊन आणखी जोरात बडवायला लागला.

म्हातारा खाली उतरला. "भाऊ, आमना घरमा मयत शे," एवढंच म्हणाला आणि बायकांना घेऊन पायी निघाला.

त्यानंतर टांग्यात कोणी बसेना. मी न्हाव्याकडे, पानवाल्याकडे, स्टेशनवरच्या हमालांत एकच सांगत सुटलो: घोडेवाल्यानं लबाडी केली, टांग्याचा म्हणून गळ्यात बांधला. बायकोलाही तेच सांगितलं. तिला ते खरं वाटलं, याचीच लाज जास्त. म्हैस गेल्यापासून आम्ही कोरा चहा पीत होतो. घोट घेता घेता ती घोडेवाल्याला शिव्या द्यायची आणि पहिली गरम भाकरी माझ्या ताटात टाकायची. "तुमना सभाव भोळा शे," म्हणायची. भोळा माणूस खाली बघून भाकरी मोडायचा.

पुढच्या यात्रेला ती बरोबर आली, भांडायला. घोडेवाला दिसताच टांग्यातूनच गरजली, "दादा, वरातना घोडा टांगाना सांगीसन दिन्हा? मन्हा मालक भोळा म्हनीसन?"

तो गोंधळला. "बहीन, मी तं यासले सांगेल व्हतं. इचारा यासले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी घोड्याकडे पाहिलं. घोडा जुन्या धन्याचा हात चाटत होता.

त्या दिवशीचा सौदा तिनं केला. घोडा परत दिला, उतारवयाची एक घोडी घेतली. तो सांगेल तो शब्द न् शब्द ती ऐकत होती, उलटून विचारत होती. मला तोंड उघडू दिलं नाही, ते बरंच झालं.

परत खांडबाऱ्यात आल्यावर न्हाव्याच्या दुकानापाशी ती म्हणाली, "थांबा. उतरा. खरं काय ते सांगा त्याले."

सांगितलं. वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरच थांबला. मग पानवाला. मग हमाल, ते तर माझ्यासमोर एक पाय उचलून नाचायलाच लागले. शेवटी म्हाताऱ्याचं घर. घोडेवाल्याचा दोष नव्हता, मला सांगूनही मी ऐकलं नाही, असं मी दारातच उभ्यानं सांगितलं. तो आत गेला आणि पितळी परात घेऊन आला. घोडीच्या कानाशी दणादण बडवली. घोडीनं माशी हाकलावी तसा कान हलवला.

"सकाय मले टेसनवर जानं शे," म्हातारा म्हणाला. "येजो."

बायको टांग्यातून उतरली आणि घराकडे चालू लागली. चार पावलांवर थांबून, मागं न बघता म्हणाली, "घोडी बाहेर बांधा. गोठामा म्हशीनी जागा शे."