धर्मकाट्यावरची मंडळी

आमच्या मंडळीचं वजन सगळ्यांचं मिळून एकदम करायचं ठरलं, ते लाजेपोटी. एकेकट्याला काट्यावर उभं करून आकडा चारचौघांत वाचणार असाल तर आम्ही धावणार नाही, असं बायकांनी स्पष्ट सांगितलं. पुरुष गप्प बसले, पण त्यांनाही तेच हवं होतं. माझं वजन तेव्हा एक्याण्णव होतं आणि बायकोला मी पंच्याऐंशी सांगत असे.

धावण्याची कल्पना मंडळीतल्या दातांच्या डॉक्टरांची. अकोल्यातल्या आमच्या लहानशा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी दीडशे माणसं जमतात आणि त्यांतल्या निम्म्यांना शुगर आहे, मलासुद्धा. उपासना संपली की अंगणात चहाचे दोन पिंप लागतात, एक गोड आणि एक फिका, आणि फिक्याची रांग दर वर्षी लांबत चालली होती. दुसऱ्यांचे दात काढून डॉक्टरांचा संकोच मेलेला आहे. त्यांनी भर सभेत सांगितलं की ही रांग बघून मला आपल्या मावशीचा पाय दिसतो.

मावशी म्हणजे सगळ्यांची मावशी. बाहत्तर वर्षांची, मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स होती. मंडळीतली अर्धी पोरं, माझी दोन्ही धरून, तिच्या हातून जगात आली. शुगरमुळे तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. एका शिबिरात मिळालेला पाय जड होता, घासत होता, तो तिनं दाराआड उभा करून ठेवला. मग चौघे जण तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून देवळाच्या पायऱ्या चढवू लागले. तीन रविवार तिनं ते सोसलं. चौथ्या रविवारी 'मी काय वरात हाय का?' म्हणून तिनं खुर्ची परत पाठवली आणि देवळात येणंच सोडलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांना उचलणाऱ्या बाईला उचलून घेणं जमलं नाही.

अमरावतीला एका केंद्रात हलका, तिच्या मापाचा पाय बनवून मिळणार होता. त्यासाठी आम्ही धावायचं, वजन उतरवायचं आणि उतरलेल्या दर किलोमागे देणाऱ्यांनी पैसे द्यायचे असं ठरलं. मंडळीतले नोकरदार, बाजारातले ओळखीचे दुकानदार, एक कापडवाले शेठ, सगळ्यांनी शब्द दिले. किलोला कुणी किती ते डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि हिशेब मांडला. आमच्या डोक्यात एकच आकडा बसला: धावायला नाव दिलेल्या चौदा जणांनी मिळून शंभर किलो उतरवले की मावशीचा पाय.

चौदा माणसं एकदम तोलायची म्हणजे धर्मकाटाच हवा. धान्याचे ट्रक तोलतात तो. आम्ही सगळे टेम्पोत बसायचं, टेम्पोसकट वजन करायचं आणि चार महिन्यांनी त्याच टेम्पोत बसून पुन्हा करायचं. डॉक्टर काटेकोर. दोन्ही वेळा डिझेलची टाकी गच्च भरलेली पाहिजे, एवढंही त्यांनी बजावलं. टेम्पो माझ्या मेव्हण्याचा, म्हणून त्याची जबाबदारी माझ्यावर आली.

आणि तिथेच मी माती खाल्ली.

पहिलं वजन हंगामाच्या सणाच्या दिवशी ठेवलं होतं. त्या दिवशी शेतकरी आपापल्या पिकातलं काहीबाही देवळात आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. लिलावात आमची शहाणी माणसंही चेकाळतात. एक कोहळं तीनदा विकलं जातं, कारण घेणारा ते पुन्हा दान करतो. त्या दिवशी बाळापूरकडच्या एका शेतकऱ्यानं तुरीचे दोन कट्टे आणले होते, पन्नास-पन्नास किलोचे. डॉक्टर बोली चढवत होते आणि मला त्यांच्यापुढे नमतं घ्यायचं नव्हतं, म्हणून दोन्ही कट्टे मी घेतले. सगळ्यांचं सामान मेव्हण्याच्या टेम्पोत चढलं, घरोघर पोचलं, आणि टेम्पो परत आल्यावर आम्ही चौदा जण त्यात चढलो. पाळकसाहेबांनी विचारलं, टेम्पो रिकामा आहे ना? मी म्हणालो, रिकामाच.

माझे कट्टे मी साफ विसरलो होतो, ते ताडपत्रीखाली केबिनला टेकून होते. आमच्यातल्या दोन वयस्क बाया त्यांच्यावरच ऐसपैस बसल्या होत्या.

संध्याकाळी घरी ताडपत्री ओढली, तर खाली माझे कट्टे. शंभर किलो. तोवर वजनाची पावती देवळाच्या फलकावर लागली होती आणि कुणीतरी मावशीला फोन करून कळवलंही होतं.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण मी जिल्हा परिषदेत हेडक्लार्क. लोकांच्या चुका काढणं हीच माझी भाकरी. मंडळीतही तोच धंदा. गीताचा क्रमांक चुकला तर मी मध्येच उठून सांगतो, पाळकसाहेबांनी तारीख चुकवली तर तेही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात माझी हयात गेलेली. आता मुसळ कोणत्या तोंडानं दाखवू? शिवाय मनानं एक पळवाट काढली: कट्टे उतरले म्हणजे चार महिन्यांनी कुणी काही न करताही शंभर किलो कमी भरणारच. मावशीला पाय मिळेल. ही लबाडी नाही, ही कृपा आहे. दोन दिवस मी ही समजूत गोड मानून झोपलो. तिसऱ्या दिवशी झोप उडाली.

मग मी ठरवलं की खोटं शंभर खरं करून दाखवायचं. चौदा जणांनी खरोखर शंभर किलो उतरवले तर मी कुणाचं काही लागत नाही. मग काट्यावर दोनशे दिसतील, ही गोष्ट मी मनाआड केली. पहाटे पाच वाजता मैदानावर सगळ्यांत आधी मी हजर असे. माणसं खरं तर मजेनं यायची. बाया पंजाबी ड्रेसवर बूट घालून धावायच्या, एकजण तर साडी खोचून. दोन फेऱ्या झाल्या की गप्पा, आणि गप्पा झाल्या की नाश्ता. नाश्त्याची पाळी लावली होती. ज्याची पाळी त्यानं हौसेनं आणायचं, दुसऱ्यानं नाही म्हणायचं नाही. कचोरी, आलुबोंडे, तर्री-पोहे. आमच्या वऱ्हाडात माणसाला उपाशी घरी पाठवणं हे पापच. महिनाभरात दोघांचं वजन वाढलं, ते त्यांनीच कौतुकानं सांगितलं.

मी चवताळलो. कचोरीचा पुडा हातातून काढून घेऊन मैदानाच्या फाटकावरच्या वॉचमनला दिला. नाश्त्याला फुटाणे आणि काकडी, असा हुकूम काढला. चालणाऱ्यांना पळवलं, न येणाऱ्यांना पहाटे फोन केले. मार्चमध्ये ऊन तापलं, एप्रिलमध्ये सकाळी सहालाच मैदान भाजू लागलं, तरी मी सुट्टी देईना. मागून मला लोक धर्मकाटा म्हणू लागले होते, आणि तेवढं तरी त्यांनी म्हणावंच, अशी माझी वागणूक होती. डॉक्टर मात्र माझे रिपोर्ट बघून खूश. शुगर उतरली होती. मला त्याचा आनंद होईना.

घरात तर वेगळीच तऱ्हा. ती तूर भरडून डाळ केली होती आणि रोज वरण ताटात येत होतं. एकदा मी ताट सारून उठलो, तेव्हा बायको म्हणाली, "दोन महिन्यांपासून तुमी कोनावर चिडून राहिले, तेवढं तरी सांगा."

मी हात धुतले आणि दुसऱ्या पहाटे कुणाकुणाला फोन करायचे त्याची यादी करत बसलो.

दुसरं वजन जूनच्या पहिल्या रविवारी होतं. आदल्या दिवशी दुपारी, डोक्याला रुमाल बांधून, मी जठारपेठेत मावशीकडे गेलो. कूलरसमोर खाटेवर बसून ती भाजी निवडत होती. पाणी दिलं, मंडळीतल्या सगळ्यांची चौकशी केली. मला एकदम सगळं बोलून टाकावंसं वाटलं आणि मी बोललो. लिलाव, डॉक्टरांशी लागलेली चढाओढ, कट्टे, ताडपत्री, फुटाणे. बोलताना मी रडलो, हे लपवत नाही. तुझ्या पायाचाच मी घात केला, असंही म्हणालो.

तिनं भाजीची जुडी बाजूला ठेवली.

"चाळीस वर्सं लेकरं तोलली मी," ती म्हणाली. "लेकरू दुपट्यासकट काट्यावर ठेवलं, त मंग दुपटं निराळं तोलाव अन् वजा कराव. त्यात रडाचं काय हाय? उद्या बी तेवढेच दोन कट्टे टेम्पोत टाक. फरक येईन तो खरा."

चार महिने डोकं फोडलं, शंभर फायली पाहिलेला माणूस मी, आणि हे मला सुचलं नव्हतं. पण जीव पुरता भांड्यात पडला नव्हता. मी विचारलं, शंभर नाही भरले तर?

"नाई भरले त नाई भरले. खोट्या वजनाच्या पायावर मी उभी राहाची नाई. अन् हे तू मले नोको सांगू, उद्या देवळात सांग."

दुसऱ्या दिवशी सूचना वाचून झाल्यावर मी उभा राहिलो. लोकांना वाटलं, कुणाची तरी चूक काढणार. काढली, माझीच. कट्टे, ताडपत्री, सगळं सांगितलं. मग कट्ट्यांवर बसलेल्या त्या दोघींपैकी एक मोठ्यानं म्हणाली की त्या दिवशी टेम्पोत एवढं मऊ कसं लागलं, याचा ती चार महिने विचार करत होती. सगळं देऊळ हसलं. बाळापूरचा शेतकरी उठून म्हणाला, कट्टे मी स्वतः तोलून भरले होते, पन्नासला पन्नास, याला मी साक्षी. पाळकसाहेब एवढंच म्हणाले की आता फुटाणे बंद करा, म्हणजे तुम्हाला क्षमा करणं सोपं जाईल. लोक माझ्यावर रागावतील, अशी तयारी करून मी गेलो होतो. ते हसतील याची तयारी नव्हती. थोडा रागच आला, खरं सांगायचं तर. पण बाहेर पायऱ्यांवर आलो तेव्हा छातीत मोकळं वाटत होतं.

दुकानातून तुरीचे दोन कट्टे आणले, पन्नासला पन्नास तोलून घेतले. टाकी गच्च भरली. तेच चौदा जण चढले, त्याच दोघी कट्ट्यांवर बसल्या. काटेवाल्यानं पावती फाडून खिडकीतून दिली. ती वाचायला चष्मा लावायचं मला सुचेना, म्हणून डॉक्टरांनी वाचली आणि दोनदा वजाबाकी केली.

एकशे पंधरा किलो.

टेम्पोत काय गोंधळ झाला ते विचारू नका. साडी खोचून धावणारीनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की तीन दिवस दुखत होतं. कचोऱ्या हिसकावल्याचा तो सूड होता, असं ती नंतर म्हणाली. कापडवाल्या शेठना वाटलं होतं, ही खाण्यात रमणारी माणसं, दहा-वीस किलो उतरवतील. पण त्यांनीही शब्द पाळला.

महिन्याभरानं मावशीला घेऊन मी आणि बायको अमरावतीला गेलो. पायाचं माप आधीच दिलं होतं, आता तो चढवून चालून बघायचं होतं. केंद्रात दोन्ही बाजूंना लोखंडी दांडे लावलेली एक वाट असते. त्या दांड्यांना धरून चाला, असं तिथल्या माणसानं सांगितलं. मावशीनं दांड्याकडे पाहिलं आणि माझा खांदा धरला. तिथला माणूस काही बोलणार होता, पण मावशीतल्या नर्सची नजर पाहून बाजूला सरकला.

पहिलं पाऊल टाकताना तिचं सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं. मी दात आवळून उभा राहिलो. ती थरथरत होती, घामेजली होती. दुसरं पाऊल, तिसरं. पाचव्या-सहाव्या पावलाला खांद्यावरचा भार थोडा कमी वाटला. मग आणखी कमी. मीही तिच्याबरोबर सरकत होतो, पण जागचा हललोच नाही असं वाटावं इतकी ती सावकाश चालत होती, आणि भार उतरत होता. शेवटी खांद्यावर नुसता तिचा हात राहिला, बोटं टेकलेली.

"सोड आता मले," ती म्हणाली.

मी तिला धरलंच नव्हतं, तिनंच मला धरलं होतं. पण मी बाजूला झालो. ती उरलेली वाट एकटी चालत गेली, भिंतीपाशी वळली, आणि माझ्याकडे न बघता परत चालत आली. माझी बायको तोंडाला पदर लावून रडत होती. मीही रडत होतो, आणि या वेळी मला कुणाला काही सांगायचं उरलं नव्हतं.